हवाई पाहणी

अमेरिकेत माझ्या वयाच्या कोणालाही लहानपणी टीव्हीवर पाहिलेलं हेलिकॉप्टर आठवायला सांगा, तासभर बोलत बसेल. कुठल्या मालिकेत कुठलं होतं, रंग कोणता, चालवणाऱ्याचा गॉगल कसला, शेवटी बॉम्ब कोणी निकामी केला. हाच प्रश्न महाराष्ट्रात विचारून बघा. माणूस जरा डोकं खाजवतो आणि म्हणतो, "पूर आला होता तेव्हा दाखवलं होतं की. मंत्री खिडकीतून खाली बघत होते."

आमच्या टीव्हीवरचं हेलिकॉप्टर हे वाहन नव्हतंच मुळी, ते एक खातं होतं. महसूल, पाटबंधारे, तसं हेलिकॉप्टर. पूर आला की निघायचं, दुष्काळ पडला की निघायचं, आणि दोन्ही वेळा आतला माणूस तेवढ्याच काळजीनं खाली बघायचा. खाली पाणी फार झालंय की अजिबात नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणं अशक्य होतं. निवेदिका सांगायची तेव्हा कळायचं.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याच्या पंधराच दिवस आधी, १७ सप्टेंबरला, अमेरिकेत 'मॅश' ही मालिका सुरू झाली होती. कोरियाच्या युद्धातलं लष्करी इस्पितळ आणि सुरुवातीलाच डोंगरांवरून जखमींना घेऊन येणारी हेलिकॉप्टरं. फेब्रुवारी १९८३ पर्यंत अमेरिकन माणूस दर आठवड्याला ती फडफड ऐकत जेवला. आम्ही जेवलो ते 'आमची माती, आमची माणसं' बघत. जमीन सोडायची नाही हे कार्यक्रमाच्या नावातच स्पष्ट होतं. मुंबईत चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, खिडकीत एक तुळससुद्धा नसलेल्या माणसांना त्या काळी ज्वारीच्या खोडकिड्यावरचा उपाय तोंडपाठ होता. त्याचा त्यांना काय उपयोग झाला कुणास ठाऊक, पण खोडकिड्याला मुंबईत कधी शिरकाव करता आला नाही, हेही खरं.

पुण्याला चित्र दिसू लागलं ते १९७३ साली, सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झाल्यावर. आमचं गाव तालुक्याचं, पुण्यापासून तसं लांबच, आणि मधे डोंगर. त्यामुळे अँटेनाला उंची हवी. दोन लोखंडी पाइप एकात एक घालून, तारांचे ताण देऊन, वर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा चढवायचा, बूस्टर लावायचा आणि सगळ्याचं तोंड सिंहगडाकडे करायचं. तानाजीनंतर त्या गडाकडे इतक्या आशेनं कोणी बघितलं नसेल. घरातलं थोरलं पोरगं पत्र्यावर, वहिनी खिडकीत आणि आबा टीव्हीसमोर, अशी तीन टप्प्यांची निरोपव्यवस्था असायची.

"आलं का?"

"विचारतोय, आलं का?"

"आलं, आलं. थांब म्हणावं. गेलं!"

"गेलं म्हणतायत."

"माणसं आली, मुंडकी नाहीत."

पोरगं पाइप गुंजभर फिरवायचं, मुंडकी यायची, आवाज जायचा. मग आवाजाशिवाय मुंडकी बरी की मुंडक्यांशिवाय आवाज बरा, यावर खाली मतदान. बातम्यांना आवाज निवडला जाई, 'छायागीत'ला मुंडकी. एखाद्या संध्याकाळी कावळा येऊन अँटेनेवर बसे आणि त्याच्या वजनानं चित्र एकदम स्वच्छ होई. मग त्या कावळ्याला उडवायला कोणी धजत नसे. पितृपक्षातसुद्धा एवढा मान कावळ्याला आमच्या आळीत मिळाला नव्हता.

आळीतला पहिला टीव्ही आबांचा. हे आबा कोणाचे सख्खे नव्हते, सगळ्यांचेच होते. तेव्हा परवाना बंदुकीला लागायचा तसा टीव्हीलाही लागायचा, पोस्टात जाऊन दर वर्षी फी भरावी लागे, आणि आबांनी तो परवाना काचेच्या फ्रेममध्ये घालून टीव्हीच्या वरच टांगला होता. टीव्ही चार पायांच्या लाकडी पेटीत. पेटीला दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर, शटरला कुलूप आणि किल्ली काकूंच्या कनवटीला. पडद्यावर तीनरंगी प्लॅस्टिकचा कागद. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. या कागदामागचा विचार असा की जगात जे काही वर असतं ते आकाश, जे खाली असतं ते गवत आणि मधे माणसाचं तोंड. बातम्या देणाऱ्या बाई या हिशेबात बसायच्या नाहीत. त्यांचे केस निळे, गाल तांबूस आणि साडी कायम हिरवी. आमच्या आत्याला बरेच दिवस वाटत होतं की दूरदर्शनवाले त्यांना एकच साडी देतात.

पण हेलिकॉप्टरला तो कागद फार शोभून दिसायचा. उडत असेपर्यंत ते निळं, खाली येऊ लागलं की तांबूस, टेकलं की हिरवं. आतल्या वैमानिकाला उंची बघायला काटे लागत असतील, आम्हाला रंगावरून कळायचं.

रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट असे. एका रविवारी 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' लागला. त्यात शम्मी कपूर हेलिकॉप्टरला लोंबकळत गाणं म्हणतो आणि खाली शर्मिला टागोर पोहण्याच्या पोशाखात पाण्यावरून घसरत जाते. खोलीत पन्नासएक माणसं. पुढे पोरंटोरं, मागे बायका, दारात गडीमाणसं. शर्मिला दिसली आणि खोलीत शांतता पसरली. आबा शटरकडे सरसावले. पण ते शटर आडवं सरकायचं. खालची बाई झाकायची तर वरचं हेलिकॉप्टरही जाणार. आबा अर्धं शटर हातात धरून उभे राहिले. एकीकडे आळीची अब्रू, दुसरीकडे पुन्हा कधी बघायला मिळेल न मिळेल असं हेलिकॉप्टर. शेवटी आबा शटर सोडून खाली बसले आणि म्हणाले, "पोरांनो, फक्त वर बघा." आत्याचं लक्ष दोन्हीकडे नव्हतंच. "एवढ्या वाऱ्यात असा अंगरखा घालून लोंबकळतोय," ती म्हणाली, "सर्दी होईल मेल्याला."

सव्वीस जानेवारीला सकाळी दिल्लीचं संचलन दाखवत. सुरुवातीला हेलिकॉप्टरं यायची आणि राजपथावर फुलांच्या पाकळ्या टाकून जायची. आमच्या पडद्यावर मुंग्या कायमच असत, त्यामुळे पाकळ्या कुठे संपल्या आणि मुंग्या कुठे सुरू झाल्या, ते काही कळायचं नाही. दिल्लीत पुष्पवृष्टी दोन मिनिटांत आटोपत असेल, आमच्याकडे ती चित्ररथ संपेपर्यंत चालायची.

तर सांगत होतो हवाई पाहणीचं. हा संध्याकाळच्या मराठी बातम्यांमधला सगळ्यात थरारक भाग. एरवी बातम्या म्हणजे उद्घाटनाची फीत आणि अध्यक्षीय भाषणातलं हलणारं तोंड. हवाई पाहणीत निदान काहीतरी जमिनीवरून सुटायचं. तिचा क्रम ठरलेला. आधी साहेब वाकून, एका हातानं टोपी दाबून पात्यांखालून जाताना. मग आतून खिडकीचा गोल आणि त्यात साहेबांच्या चेहऱ्याची एक बाजू. मग साहेबांचं बोट. हे बोट फार महत्त्वाचं. ते काचेवर टेकायचं आणि खाली कशाकडे तरी दाखवायचं. शेजारचे कलेक्टर मान डोलवायचे. पुढ्यातला नकाशा उलटा असला तरी मान सुलटीच डोलायची. मग एकदम खालचं दृश्य, पाणी किंवा भेगा, तेही चार सेकंद, आणि पुन्हा साहेब.

पुढे एकदा एका निवृत्त अधिकाऱ्यांना मी विचारलं, "साहेब त्या बोटानं दाखवायचे काय?" ते म्हणाले, "आत इतका आवाज असतो की काही ऐकूच येत नाही. साहेब ओरडून काहीतरी विचारायचे, आम्ही मान हलवायचो. एकदा तर ते 'उतरायचं कधी' असं विचारत होते आणि मी तीनदा 'हो, हो' केलं."

अमेरिकेत हा प्रकार उलटा झाला. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसच्या केटीएलए या वाहिनीच्या जॉन सिल्वा नावाच्या इंजिनिअरनं हेलिकॉप्टरमध्ये टीव्हीचा कॅमेरा आणि प्रक्षेपक बसवला आणि बातमीवर हेलिकॉप्टर सोडायची पद्धत पाडली. आग लागली, सोडा हेलिकॉप्टर. रस्ता तुंबला, सोडा हेलिकॉप्टर. १७ जून १९९४ ला ओ. जे. सिम्प्सनची पांढरी गाडी पुढे, पोलीस मागे आणि वर वाहिन्यांची हेलिकॉप्टरं, अशी वरात सगळ्या देशानं घरात बसून बघितली. म्हणजे तिकडे बातमी दाखवायला हेलिकॉप्टर जातं. आमच्याकडे हेलिकॉप्टर गेलं हीच बातमी.

मालिकांचंही तसंच. त्यांच्या ल्यूसीबाईंची बोट चुकते आणि बाईंना हेलिकॉप्टरमधून दोरानं बोटीवर सोडतात, असा 'आय लव्ह ल्यूसी'चा एक भाग १९५६ साली गाजला. बाईंच्या देसिलू कंपनीनं पुढच्याच वर्षी 'व्हर्लीबर्ड्स' नावाची अख्खी मालिका हेलिकॉप्टरवर काढली. तिच्यातलं बेल ४७ हे हेलिकॉप्टर म्हणजे पुढे काचेचा फुगा आणि मागे नुसता सांगाडा, शेपटाला कातडंच नाही. अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळालेलं हे पहिलं हेलिकॉप्टर, १९४६ सालचं. ते बनवणारे आर्थर यंग पुढे हेलिकॉप्टर सोडून तत्त्वज्ञानाकडे वळले आणि जाणिवेवर ग्रंथ लिहीत बसले. हा माणूस चुकून तिकडे जन्मला. पुण्यात जन्मता तर आधी तत्त्वज्ञान झालं असतं आणि हेलिकॉप्टर राहून गेलं असतं.

मग आलं १९८४. त्या एका जानेवारीत अमेरिकेत दोन वाहिन्यांवर दोन हेलिकॉप्टर मालिका सुरू झाल्या, 'ब्लू थंडर' आणि 'एअरवुल्फ'. पहिली अकरा भागांत आटोपली, दुसरी चालली. मी ही 'एअरवुल्फ' फार उशिरा, इंटरनेटवर बघितली. नायक तळ्याकाठी लाकडी घरात एकटा राहतो. चित्रं जमवतो. सायंकाळी धक्क्यावर बसून चेलो वाजवतो, आणि तो ऐकायला गरुड येतो. त्याचं शस्त्रसज्ज हेलिकॉप्टर सरकारी खात्याचं, पण यानं ते वाळवंटातल्या एका पोकळ डोंगरात दडवून ठेवलंय आणि भाऊ शोधून दिल्याशिवाय परत देणार नाही म्हणतो. हे सगळं बघताना मला सारखं वाटत होतं की आमच्या तालुक्यात कोणी असं करून बघावं. डोंगरात हेलिकॉप्टर लपवलं तर दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला हजर, तिसऱ्या दिवशी भाऊबंद सातबारा घेऊन.

त्याच वर्षी ७ जुलैला आमच्याकडे 'हम लोग' सुरू झाली. तिकडचा नायक गरुडाला चेलो ऐकवत होता तेव्हा आमचे बसेसर राम दारू पिऊन उशिरा घरी येत होते आणि बडकीच्या लग्नाची काळजी अख्ख्या देशाला लागली होती. मला विचाराल तर मालिका म्हणून आमचीच सरस. बडकीचं लग्न हेलिकॉप्टरनं सुटणारा प्रश्न नव्हता, आणि 'एअरवुल्फ'मध्ये असा एकही प्रश्न नाही जो हेलिकॉप्टरनं सुटत नाही.

शिवाय त्या मालिकेत एक थाप सारखी मारली जाते. हेलिकॉप्टर आवाजापेक्षा वेगानं जातं म्हणे. साधं हेलिकॉप्टर तसं जाऊच शकत नाही. पातं पुढे येतं त्या बाजूला हेलिकॉप्टरचा आणि पात्याचा वेग यांची बेरीज होते, मागे जातं त्या बाजूला वजाबाकी. वेग फार वाढवला की पुढे येणाऱ्या पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाला जाऊन भिडतं आणि दुसऱ्या बाजूच्या पात्याला उचलायला हवाच पुरत नाही. वेस्टलंड लिंक्स नावाच्या ब्रिटिश हेलिकॉप्टरनं १९८६ मध्ये ताशी ४०० किलोमीटरचा विक्रम केला. एवढीच झेप. तीसुद्धा पाती मुद्दाम वेगळी बनवून. यापुढे दामटलं तर यंत्र एका अंगावर कलतं.

एका अंगावर कलणाऱ्या यंत्राचं पुणेकरांना कौतुक नव्हतं. बजाजची चेतक आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडत होती आणि ती कलती केल्याशिवाय सुरूच होत नसे. गंमत म्हणजे आमच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरचं नावही चेतकच. फ्रेंच अलूएत-३ चा परवाना घेऊन बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ते बनवलं. त्यामुळे "शेजारच्यांना चेतक मिळाली" हे वाक्य आमच्याकडे आनंदाचं होतं आणि "चेतक आलं" हे पुराचं. स्कूटरच्या चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. हवाई दलाचं चेतक अर्ध्या दिवसात येत असे, मात्र त्यासाठी गाव पाण्याखाली जावं लागे.

आता खऱ्या हेलिकॉप्टरचा खेळ. १९८७ चा उन्हाळा. आमच्या भागात आदल्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. एक दिवस बातमी आली की रविवारी हेलिकॉप्टर येणार. कोण येणार, हे कोणी विचारलं नाही. चार दिवसांनी कळलं की त्यात मंत्रीही असणार आहेत.

तयारी शाळेच्या मैदानावर. बांधकाम खात्याची माणसं आली, खडे वेचले, फक्कीनं मोठं वर्तुळ मारलं आणि मधे इंग्रजी एच काढला. आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना तो एच बसका वाटला, त्यांनी पाय थोडे लांबवले. साखर कारखान्याचा आगीचा बंब आला. एका कोपऱ्यात ओला पाला पेटवायला ठेवला, धूर झाला म्हणजे वाऱ्याची दिशा वरून कळते. आणि सकाळी आठ वाजता आला टँकर. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी मारायचं होतं.

गावाला त्या महिन्यात टँकर असा दिसलाच नव्हता. हां हां म्हणता आळ्याआळ्यांतून बाया हंडे घेऊन निघाल्या. हवालदारानं काठी आपटली, "ओ बाई, हे पाणी साहेबांचं आहे." आमची काकू म्हणाली, "मग साहेबांना सांगा, आमच्या दारात उतरा." ड्रायव्हर भला माणूस. त्यानं नळी मैदानाकडे धरली आणि टाकीच्या मागची तोटी सोडून दिली. पुढून मैदान भिजलं, मागून हंडे भरले. दुष्काळाच्या पाहणीनं आमच्या गावाला झालेली ही प्रत्यक्ष मदत, आणि ती हेलिकॉप्टर यायच्या आधीच पोचली.

आयोजकांना खरी धास्ती होती ती 'रामायणा'ची. मालिका त्याच वर्षी २५ जानेवारीपासून सुरू झालेली, रविवारी सकाळी. टीव्हीला हार, उदबत्ती, चपला बाहेर. त्या वेळेत पंतप्रधान आले असते तरी वेशीवर ताटकळले असते. कार्यकर्त्यांनी जिल्ह्याला निरोप धाडला होता म्हणे की रामायण संपल्याशिवाय उतरवू नका. पण हेलिकॉप्टर आलं लवकर. आबांच्या खोलीत आम्ही खच्चून बसलेलो, आणि पडद्यावरचं चित्र अचानक फडफडायला लागलं. राम अयोध्येसकट लुकलुकू लागले. तेव्हाच्या टीव्हीचं हे वैशिष्ट्यच होतं. वरून विमान किंवा हेलिकॉप्टर गेलं की त्याच्या पत्र्यावरून लहरी उलटून अँटेनेला दुसऱ्यांदा येऊन धडकत आणि चित्र थरथरे. क्षणभर सगळ्यांना वाटलं की मालिकेतलंच काहीतरी घडतंय. आत्यानं हात जोडले. मग बाहेरून पोरगं ओरडलं, "आलं, आलं!" आणि या वेळी "गेलं" कोणी म्हणालं नाही. खोली एका झटक्यात रिकामी झाली. आबा आणि आजी तेवढी राहिली. आजी म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. आमच्यात पुष्पक विमान यायचंय अजून." आबांनी यावर नंतर बराच काळ एक सिद्धांत मांडला. पुष्पकाला धावपट्टी लागत नव्हती, रानात कुठेही उतरायचं, अर्थी ते विमान नव्हे, हेलिकॉप्टरच. आजी म्हणायची, "हेलिकॉप्टर तर हेलिकॉप्टर, पण त्याला टँकर लागत नव्हता."

मैदानावर चिंच माणसांनी लगडलेली. एसटी स्टँडच्या पत्र्यावर माणसं. गारेगारवाला, शेंगदाणेवाला, भेळेची गाडी, एक फुगेवाला. हेलिकॉप्टर दोन चकरा मारून खाली आलं आणि मैदानाच्या ज्या भागातलं पाणी हंड्यांत गेलं होतं नेमका तिथला धुरळा उठला. धुरळा म्हणजे काय, अख्खी शाळा दिसेनाशी झाली. मंडपाची एक कनात सुटून पोलिसांवर पडली. गांधी टोप्यांचा थवा एकदम आकाशात गेला आणि पुढचे दोन दिवस कोणाची टोपी कोणाच्या डोक्यावर याचा निवाडा चालला. फुगेवाल्याचे फुगे सुटले. बाजारातला एक बैल दावं तोडून जो पळाला तो थेट शेजारच्या गावी सापडला. त्यानं मात्र दुष्काळाची पाहणी जमिनीवरून केली.

मंत्री उतरले, हार झाले, भाषण सुरू झालं. समोर पहिल्या दोन रांगा पदाधिकारी, मागे शाळेची मुलं, कारण मास्तर दारात उभे. बाकी सगळा गाव हेलिकॉप्टरभोवती. खरा मान मिळाला तो वैमानिकाला. गॉगल लावून, हाताची घडी घालून तो दाराला टेकून उभा होता आणि गाव त्याला प्रश्न विचारत होतं. "पंक्चर होतं का?" "रात्री लायटी लागतात का?" "मागचा छोटा पंखा कशाला?" यावर त्यानं समजावून सांगितलं की वरचा पंखा एका बाजूला फिरला की धड उलट्या बाजूला गरगरू बघतं, त्याला शेपटाचा पंखा धरून ठेवतो. सरपंचांचे बंधू म्हणाले, "म्हणजे विरोधी पक्ष." आणि शेवटी तो प्रश्न आलाच, जो महाराष्ट्रात मोपेडपासून रणगाड्यापर्यंत कशालाही विचारतात. "ॲव्हरेज किती देतं?" वैमानिक म्हणाला, "आमच्यात तासावर मोजतात, लिटरवर नाही." गर्दीत हळहळ पसरली. परवडणार नाही, असं सर्वांचं मत पडलं.

सोमवारी संध्याकाळी गाव बातम्यांत येणार म्हणून आबांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अँटेनेपाशी खास माणूस ठेवला. निवेदिकेनं तालुक्याचं नाव घेतलं आणि घरात आरोळी उठली, त्यामुळे पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. वरून काढलेलं आमचं गाव दिसलं. पत्रे आणि पत्र्यांवर अँटेना, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. "ती आमची!" "हॅट, ती आमची, पाइप वाकडा आहे बघ." मग साहेबांचं बोट. मग मैदान, म्हणजे नुसता धुरळा. निळा, तांबूस आणि हिरवा धुरळा. पण तो आमचा होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एवढं सगळं आठ-दहा सेकंदांत संपलं आणि ऊस दराची बातमी लागली.

आता हेलिकॉप्टरचं तेवढं नवल राहिलेलं नाही. गावोगावी हौशी बाप लेकीची पाठवणी हेलिकॉप्टरनं करतात, आणि नवरदेवाच्या घोड्यावर पोट असलेला माणूस कुंपणाबाहेरून ते बघत उभा असतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तर नवाच खेळ निघाला. हेलिकॉप्टर उतरलं की निवडणूक आयोगाची माणसं पुढाऱ्यांच्या बॅगा उघडत आणि पुढाऱ्यांची माणसं त्याचं मोबाइलवर चित्रण करत. सभा कशी झाली ते कोणाला आठवत नाही, बॅगा सगळ्यांनी बघितल्या. हवाई पाहणी मात्र तशीच आहे. वाकून जाणं, खिडकी, बोट, डोलणारी मान. फरक एवढाच की फोटो आता साहेबांचं कार्यालयच पाठवतं, आणि बोट कॅमेऱ्याकडे बघून ठेवलेलं असतं.

तुमच्या गावात कधी हेलिकॉप्टर उतरणार असेल तर मुलांना घेऊन जरूर जा, भाषणाच्या वेळेच्या दोन तास आधी. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, टोपी खिशात ठेवा, ॲव्हरेज विचारू नका. आणि उन्हाळा असेल तर घरातला मोठा हंडा बरोबर असू द्या.